लंडनच्या घराघरांत नळाचं पाणी कसं पोचलं? (१५८० ते १८२०) – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या युरोपातल्या पाणीपुरवठ्याचा विषय निघाला की लोक रोमच्या कमानींबद्दल विचारतात आणि तिथून एकदम वाफेच्या इंजिनांवर येतात. मधली अडीचशे वर्षं राहून जातात. आज आपण ज्याला शहराचा पाणीपुरवठा म्हणतो, म्हणजे मुख्य नळ, घराची जोडणी, पाणीपट्टी, ठरलेल्या वेळेला सुटणारं पाणी, तो याच मधल्या काळात घडला. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सगळा युरोप सोडून लंडनच का?

पाणी घराच्या आत नेण्याचं काम लंडनने फार मोठ्या प्रमाणावर केलं, म्हणून. रोममध्ये पोपांनी जुने जलमार्ग दुरुस्त केले आणि नवेही बांधले, पण त्या पाण्याचा डामडौल होता चौकातल्या कारंज्यांसाठी. पॅरिसमध्ये पॉन न्यूफ या पुलाला लागून १६०८ मध्ये ‘सामारितेन’ हा पंप चालू झाला, तो मुख्यतः राजवाडा आणि त्याच्या बागांसाठी. जर्मनीतल्या आउग्सबुर्गने पाण्याचे मनोरे उभारले. तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नव्हती आणि त्यांच्याबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. लंडनमध्ये मात्र सतराव्या शतकात साधा दुकानदारसुद्धा वर्षाचे पैसे भरून स्वतःच्या घरात नळ घेऊ लागला. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. पाणी गावापर्यंत आणणं हे निम्मं काम आहे. वेशीच्या आत, गल्लीबोळांतून ते हजारो घरांत वाटायचं कसं, तिथे खरा कस लागतो.

त्याआधी लोक पाणी कुठून आणत?

विहिरी होत्या, थेम्स नदी होती आणि ‘कंड्यूट’ नावाचे सार्वजनिक हौद होते. टायबर्नजवळच्या झऱ्यांचं पाणी शिशाच्या नळाने शहरात आणायचं काम तेराव्या शतकातच, १२३७ नंतर, सुरू झालं होतं. चीपसाइड या बाजाररस्त्यावरचा मोठा हौद त्याच पाण्यावर भरे. हौदावरून पाणी फुकट मिळे, पण ते आणायचं कोणी? ज्यांच्या घरात गडीमाणूस नाही ते पाणक्यांना पैसे देत. हे पाणके सुमारे ३ गॅलनची, खाली रुंद आणि वर निमुळती लाकडी भांडी खांद्यावर घेऊन दारोदार फिरत. १४९६ मध्ये त्यांचा स्वतःचा संघही होता.

पाणीचोरी तेव्हाही होती. १४७८ मध्ये फ्लीट स्ट्रीटवरच्या एका मेणबत्तीवाल्याने जमिनीखालच्या सार्वजनिक नळाला गुपचूप भोक पाडून पाणी आपल्या घरात वळवलं. शिक्षा म्हणून त्याला घोड्यावर बसवून शहरभर फिरवलं. डोक्यावर हौदाच्या आकाराचं भांडं ठेवलं आणि त्याच्या बारीक नळ्यांमधून पाणी त्याच्या अंगावर गळत राहील अशी सोय केली. भांडं रिकामं झालं की पुन्हा भरायचं.

थेम्सवरचं पहिलं यंत्र कोणी बसवलं?

पीटर मॉरिस या परदेशातून आलेल्या कारागिराने. लंडन ब्रिजच्या एका कमानीखाली पाण्यावर फिरणारं चाक बसवून पंपाने पाणी वर चढवायची त्याची योजना होती. शहराच्या कारभाऱ्यांना भरवसा वाटेना. तेव्हा त्याने पंपाच्या जोरावर पाण्याची धार शेजारच्या सेंट मॅग्नस चर्चच्या मनोऱ्यावरून पलीकडे उडवून दाखवली. काम पटलं. कमान त्याला ५०० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली, भाडं वर्षाला १० शिलिंग. १५८२ मध्ये पाणी सुरू झालं आणि लगेचच त्याने दुसरी कमानही घेतली.

नदी सपाट, मग चाक फिरायचं कशावर?

इथे जुन्या पुलाची रचना कामाला आली. लंडन ब्रिजला एकोणीस कमानी होत्या आणि त्यांचे खांब इतके जाडजूड होते की नदीला वाट फारच थोडी उरे. थेम्सला भरती-ओहोटी आहे. ओहोटी लागली की पुलाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबे आणि कमानींमधून धबधब्यासारखं खाली कोसळे. नावाड्यांचे तिथे जीव जात. तोच जोर मॉरिसने चाकाला लावला.

अडचण अशी की पाण्याची पातळी दिवसभर वर-खाली होणार, प्रवाहाची दिशाही उलटणार आणि भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात चाक जवळजवळ थांबणार. यावरचा नीट इलाज पुढे शंभरेक वर्षांनी झाला. १७०० नंतर जॉर्ज सोरोकोल्ड या अभियंत्याने इथली चाकं नव्याने बांधली, ती पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली करता येतील अशी. १७३१ मध्ये हेन्री बेटन याने या यंत्राची मापं छापली आहेत: चाकाचा व्यास २० फूट आणि प्रत्येक फळी १४ फूट लांब. एवढं धूड नदीच्या तोंडात टांगून ठेवायचं आणि ते रोज वर-खाली सरकवायचं, ही सुतारकामाची आणि लोहारकामाची हद्द होती.

पंप होते, तर पाणी हवं तितकं उंच का चढवलं नाही?

दोन अडथळे होते. पहिला खेचण्याचा. ओढून घेणारा पंप कितीही घट्ट बनवला तरी सुमारे १० मीटरच्या वर पाणी खेचत नाही. कारागिरांना हे अनुभवाने ठाऊक होतं. कारण कळलं १६४४ च्या सुमारास, टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने हवेच्या दाबाचा उलगडा केल्यावर. दुसरा अडथळा ढकलण्याचा. खालून दाबाने ढकललं तर पाणी हवं तितकं चढेल, पण तेवढा दाब नळाने सोसायला हवा. शिशाचे नळ डाकेच्या शिवणीवर उलत, लाकडी नळ सांध्यांत उघडत.

स्पेनमधल्या तोलेदो शहरात यावर एक विलक्षण उत्तर निघालं. मूळचा इटलीतल्या क्रेमोनाचा घड्याळजी हुआनेलो तुरियानो याने १५६९ मध्ये ताहो नदीचं पाणी सुमारे ९० मीटर उंचावरच्या अल्काझार किल्ल्यात पोचवलं. दाबाचा नळ त्याने टाळला. त्या काळच्या वर्णनांवरून दिसतं ते असं: डोंगरउतारावर झुलत्या पळ्यांची एक लांबच लांब माळ होती, खालची पळी वरचीत पाणी ओती, ती आणखी वरचीत. घड्याळजीला सुचावं असंच हे यंत्र. करारात ठरलं होतं त्याहून जास्त पाणी त्याने चढवून दाखवलं. पण पाणी गेलं राजाच्या किल्ल्यात, म्हणून शहराने पैसे द्यायला नकार दिला. त्याने दुसरं यंत्रही उभारलं आणि १५८५ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत तो वारला. इतक्या वर्षांनीही हे वाचलं की जीव हळहळतो.

फ्रान्समध्ये १६८४ मध्ये मार्लीचं यंत्र चालू झालं. सेन नदीवर १४ चाकं आणि दोनशेच्या वर पंप. लिएजच्या रेनकॅं स्वालेमने ते बांधलं. पाणी तीन टप्प्यांत सुमारे १६० मीटर चढे आणि राजाच्या बागांना जाई. यंत्र म्हणून थोर. पण तेवढ्या खटाटोपातून एखाद्या गल्लीतल्या घरात घागरभर पाणी पोचलं का, हे मी आधी बघतो, आणि तिथे मार्लीचा हिशेब थिटा पडतो.

‘न्यू रिव्हर’ ही नदी आहे का?

नाही. तो माणसांनी खोदलेला पाट आहे. लंडनच्या उत्तरेला हार्टफर्डशरमध्ये वेअर गावाजवळ चॅडवेल आणि ॲमवेल हे झरे आहेत. तिथून क्लार्कनवेलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शहराच्या अगदी कडेपर्यंत, तो आणला. सरळ अंतर सुमारे २० मैल. पाटाची लांबी जवळजवळ ३९ मैल, म्हणजे ६२ किलोमीटर. तो सुमारे १० फूट रुंद आणि ४ फूट खोल होता. चाक नाही, पंप नाही. पाणी निव्वळ उताराने वाहत येई.

सरळ वाट २० मैलांची असताना ३९ मैल कशासाठी?

टेकडी आली की पाट तिला वळसा घालून जाई. दरी आली की तिच्या काठाकाठाने आत शिरे आणि दुसऱ्या काठाने परत येई. समुद्रसपाटीपासून सुमारे १०० फुटांची उंची धरून तो चालत राहिला. डोंगरउतारावर शेताला पाणी नेणारा पाट ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगावं लागणार नाही. बोगदे आणि उंच कमानी बांधायच्या तर खर्च परवडणारा नव्हता. लांबी वाढवणं स्वस्त पडत होतं. दोन ठिकाणी मात्र वळसा टाळला. एन्फील्डजवळ बुश हिल इथे ६६० फूट लांबीची लाकडी पन्हळ लाकडाच्याच खांबांवर उभी केली आणि तिला आतून शिशाचा पत्रा मारला. दुसरी तशीच पन्हळ हायबरीला होती.

उतार मोजला कसा?

या सगळ्या कहाणीतला माझा सर्वांत आवडता भाग हाच.

पूर्ण ३९ मैलांत पाणी उतरतं ते अवघं १८ फूट. मैलाला सुमारे ५ इंच. आपल्या मापात, किलोमीटरला साधारण ९ सेंटिमीटर. उतार जास्त ठेवला तर पाट शहराजवळ येईपर्यंत फार खाली जाईल आणि वरच्या वस्तीला पाणी चढणार नाही. कमी ठेवला तर पाणी जागच्या जागी साचेल, गाळ धरेल. चूक करायला इंचांचीच जागा.

आता साधनं बघा. पाटाचं काम चाललं होतं तेव्हा, १६०९ मध्ये, दुर्बीण जेमतेम जन्माला आली होती, मोजणीच्या यंत्रावर ती बसायला अजून वेळ होता. गवंड्यांच्या हातात असते ती बुडबुड्याची पाणसळ १६६१ ची, फ्रान्समधल्या तेवेनोची. म्हणजे ओळंबा, पाण्याने भरलेली पन्हळ आणि डोळा, एवढंच. त्यात आणखी एक पेच: एक मैल लांबवर आडवा वेध घेतला तर पृथ्वीच्या गोलाईमुळे सुमारे ८ इंचांचा फरक पडतो. उतार ५ इंचांचा आणि चूक ८ इंचांची! म्हणून टप्पे लहान घेत, पुन्हा पुन्हा तपासत पुढे जावं लागतं. सुरुवातीला ही मोजणी एडवर्ड राइट या गणितज्ञाने केली. खलाशांच्या नकाशांचं गणित बसवणारा म्हणून त्याचं नाव आधीच झालेलं होतं. समुद्रावरच्या वाटांचा हिशेब मांडणारा माणूस शेतांच्या बांधांवरून पाण्याची वाट आखत चालला, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

हे चुकलं तर काय होतं, ते रोमने पाहिलं. पोप पाचवे सिक्स्तुस यांनी १५८५ मध्ये ‘अक्वा फेलिचे’ हा जलमार्ग काढायला घेतला. पहिल्या मुख्य बांधकाम्याची, मात्तेओ दा कास्तेल्लोची, पातळीची मोजणी चुकली आणि पाणी पुढे सरकेना. त्याला काढून जोव्हान्नी फोंताना याला आणलं. त्याने काम सुधारून १५८७ मध्ये पाणी शहरात पोचवलं.

श्रेय ह्यू मिडल्टन यांचंच ना?

पुतळे त्यांचेच आहेत. पण कल्पना एडमंड कोल्थर्स्ट यांची. ते बाथ शहराचे, पूर्वी सैन्यात होते. १६०४ मध्ये राजाकडून परवाना मिळवून त्यांनी स्वतःच्या खर्चाने खोदकाम सुरू केलं. पैसे पुरेनात. मग शहराने पार्लमेंटकडून कायदे करून घेतले आणि १६०९ मध्ये काम मिडल्टन यांच्याकडे सोपवलं. मिडल्टन वेल्समधल्या डेन्बीचे, धंद्याने सोनार, हाती पैसा आणि ओळखी भरपूर. त्यांचं मोठेपण मला यात दिसतं की त्यांनी कोल्थर्स्टना बाजूला सारलं नाही. देखरेखीचं काम त्यांच्याकडे दिलं आणि कमाईत वाटाही दिला. कोल्थर्स्टचं नाव या पाटाच्या गोष्टीत पहिलं यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

लोकांचा विरोध झाला नाही?

झाला, आणि कडाडून. वाटेतल्या जमीनमालकांचं म्हणणं होतं की पाटामुळे शेतं तुटतील, जमीन पाणथळ होईल, गुरं बुडून मरतील, गाड्यांचे रस्ते अडतील. ज्याच्या शेतातून चर जाणार आहे त्याला असं वाटणारच. १६१० मध्ये पाटाचा कायदाच रद्द करण्याचा ठराव पार्लमेंटमध्ये आला. काम वर्मली गावाजवळ थांबलं. मात्र राजाचं आणि पार्लमेंटचं बिनसलं आणि १६११ च्या सुरुवातीला पार्लमेंट बरखास्त झालं. पुढचं भरलं १६१४ मध्ये. तोवर पाट वाहूसुद्धा लागला होता.

राजाचा यात संबंध काय?

पैशांचा. पाट पुढे नेमका राजाच्या थिओबाल्ड्स इथल्या वाड्याच्या जमिनीतून जाणार होता. मिडल्टन यांनी राजे पहिले जेम्स यांनाच भागीदार करून घेतलं. १६१२ मधला करार असा: झालेला आणि होणारा निम्मा खर्च राजाचा, निम्मी कमाईही राजाची. राजा भागीदार झाल्यावर आडवं कोण येणार? सगळा मिळून खर्च साधारण साडेअठरा हजार पौंड झाला.

१६१९ मध्ये रीतसर कंपनी झाली. एकूण ७२ भाग: ३६ भांडवल घालणाऱ्यांचे, ३६ राजाचे. राजाच्या भागांना नफा होता, पण कारभारात मत नव्हतं. पुढे बरीच वर्षं काही वाटप होईना. १६३१ मध्ये राजे पहिले चार्ल्स यांनी आपले भाग वर्षाला ५०० पौंडांच्या ठरावीक रकमेवर सोडून दिले. पहिला लाभांश निघाला १६३३ मध्ये. फक्त दोन वर्षांचा फरक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यातला एकेक भाग लाख पौंडांच्या वर विकला गेला.

जाता जाता: १६२२ च्या जानेवारीत हेच जेम्स राजे घोड्यावरून फिरताना न्यू रिव्हरच्या गोठलेल्या पाण्यात कोसळले. बर्फ फुटून ते आत गेले, वर फक्त बूट दिसत होते. बरोबरच्यांनी ओढून काढलं म्हणून वाचले.

पाणी पहिल्यांदा आलं तो दिवस कसा होता?

२९ सप्टेंबर १६१३. त्याच दिवशी मिडल्टन यांचे मोठे भाऊ थॉमस यांची लंडनचे लॉर्ड मेयर म्हणून निवड झाली होती. क्लार्कनवेलला पाट जिथे संपे, त्या गोल तलावापाशी सगळे जमले. साठेक मजूर हिरव्या टोप्या घालून, खांद्यावर कुदळी-फावडी घेऊन ढोलाच्या तालावर तलावाभोवती फिरले. मग एक कविता म्हटली गेली आणि तीत काम करणाऱ्यांची हजेरी घेतली: देखरेख करणारा जुना सैनिक, कारकून, गणिती, सुतारकामाचा मुख्य, मापारी, गवंडी, यंत्र जाणणारा, नळ कोरणारा, फरसबंदी करणारा, मजूर, ॲमवेलच्या झऱ्याचा राखणदार आणि सगळ्यात शेवटी रोज काठाने फिरून पाट सांभाळणारे. त्यानंतर दारं उघडली आणि पाणी तलावात कोसळलं.

त्या यादीतला ‘जुना सैनिक’ म्हणजे कोल्थर्स्ट. पाणी योजनांच्या उद्घाटनांच्या पाट्या मी खूप वाचल्या आहेत. नळ कोरणारा आणि फरसबंदी करणारा यांना मान दिलेली अशी दुसरी यादी मला आठवत नाही.

नळ खरंच लाकडाचे होते?

हो, एल्म झाडाचे. आपल्याकडच्या वावळ्याच्या कुळातलं हे झाड. सरळ ओंडका घ्यायचा, साल तशीच ठेवायची आणि लांब गिरमिटाने मधोमध आरपार भोक पाडायचं. गिरमिटं लहानापासून मोठ्यापर्यंत बदलत भोक रुंद करत न्यायचं. ओंडक्याचं एक टोक पेन्सिलीसारखं तासायचं, दुसऱ्याचं तोंड आतून मोठं करायचं, फाटू नये म्हणून त्यावर लोखंडी कडं बसवायचं आणि टोक तोंडात ठोकून घालायचं. ओलं राहिलं की लाकूड फुगतं आणि सांधा आपोआप आवळतो. म्हणूनच एल्म. सतत ओलं असेल तर हे लाकूड लवकर कुजत नाही. ओलं-सुकं होत राहिलं की सडतं.

शिसं महाग होतं. ओतीव लोखंडाचे नळ फ्रान्समध्ये व्हर्सायला बसले होते, पण तो खर्च राजालाच झेपणारा. लाकूड स्वस्त आणि सुतार हाताशी. मात्र मर्यादा मोठ्या होत्या. झाडाच्या बुंध्याहून नळ मोठा होऊ शकत नाही. साहजिकच भोक बहुधा ७ इंचांच्या आसपास. जास्त पाणी हवं तर एकाच रस्त्याखाली असे चार-सहा नळ शेजारी शेजारी पुरायचे. दाब सोसत नाही, म्हणून पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही. थंडीत गोठून फुटतात. गळती इतकी की एकूण पाण्यापैकी पाव हिस्सा जमिनीतच मुरतो असा त्या काळचा अंदाज होता. मातीप्रमाणे एखादा नळ वीस-पंचवीस वर्षं टिके, एखादा चार-पाच वर्षांतच बाद होई, आणि रस्ता पुन्हा उकरावा लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकट्या न्यू रिव्हर कंपनीचे असे सुमारे ४०० मैल लाकडी नळ जमिनीत होते. तेव्हा वाफेची इंजिनं आणि लोखंडी नळ घेऊन नव्या कंपन्या उतरल्या. स्पर्धा लागल्यावर दहाएक वर्षांत सगळं लाकूड बदलून लोखंड आलं.

घरात जोडणी कशी देत?

रस्त्यातल्या लाकडी नळाला भोक पाडून त्यात पितळी तोटी ठोकत आणि तिथून शिशाची बारीक नळी घरात नेत. या जोडणीचं नाव होतं ‘क्विल’, म्हणजे राजहंसाच्या पिसाचा पोकळ देठ. नळी तेवढीच बारीक! जोडणीचे आणि नंतर दर तिमाहीचे पैसे द्यावे लागत. लोक सुरुवातीला बिचकत होते, तरी पहिल्या काही वर्षांत ग्राहक हजाराच्या आसपास गेले.

पाणी चोवीस तास नव्हतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, काही तास. कंपनीचा ‘टर्नकॉक’ लांब दांड्याची चावी घेऊन येई आणि आपल्या भागातल्या गल्ल्यांचं पाणी ठरलेल्या क्रमाने सोडी. म्हणजे आपला चावीवालाच. माझं लहानपण पहाटे साडेपाचला पाणी येणाऱ्या वाड्यात गेलं. आई आधी कान देऊन नळातली हवा ऐकायची, मग आम्हाला उठवायची. सतराव्या शतकातल्या लंडनच्या घरात शिशाची टाकी का होती, हे मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही. नळ आला तेव्हा भरून ठेवायचं, नाहीतर दोन दिवस खोळंबा. त्या टाक्यांवर वेलबुट्टी आणि बनवल्याचं वर्ष उठवायची पद्धत होती. काही अजून शाबूत आहेत.

पाणक्यांचं काय झालं?

ते एका दिवसात नाहीसे झाले नाहीत. ज्यांना जोडणी परवडत नव्हती अशी घरं पुष्कळ होती. पण हौदांच्या नळांना बड्या लोकांनी खाजगी फाटे लावून घेतल्याने हौदावर पाणी उरत नाही, अशी तक्रार घेऊन ते पार्लमेंटकडे गेले होते. ती तक्रार न्याय्य होती. सार्वजनिक हौदाचं पाणी आधी खांद्यावरून गरिबाघरी जाई. नळ वाढले तसे हौद मागे पडत गेले.

पाणी स्वच्छ होतं का?

झऱ्याचं पाणी निघताना उत्तम होतं. पण ३९ मैलांचा उघडा पाट. त्यात लोक पोहत, कपडे धूत, कचरा टाकत. काठाने फिरणारे रखवालदार याचसाठी ठेवले होते. लंडन ब्रिजचं पाणी तर थेट शहराच्या नदीतून, गढूळ. ते टाकीत निवळू द्यायचं आणि वरचं घ्यायचं. वाळूच्या थरातून गाळून पाणी देणं लंडनमध्ये १८२९ मध्ये चेल्सीला सुरू झालं. रोगाचा आणि पाण्याचा संबंध उमगायला आणखी पंचवीस वर्षं जायची होती.

झरे पुरेनात तेव्हा न्यू रिव्हरने शेजारच्या ली नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली, आधी कायद्याच्या आधाराशिवायच. गिरणीवाले आणि नाववाले यांच्याशी दीर्घकाळ भांडण चाललं. अखेर १७३९ च्या कायद्याने किती पाणी घ्यायचं ते ठरलं.

१६६६ च्या आगीत हे पाणी उपयोगी का पडलं नाही?

शहराचा मोठा भाग जाळून टाकणारी ही आग लंडन ब्रिजजवळच्या गल्लीतच लागली. पुलाच्या तोंडाशी असलेली मॉरिसची चाकं सुरुवातीलाच जळाली, त्यामुळे तिकडचं पाणी बंद. दुसरीकडे घाबरलेल्या लोकांनी बादल्या भरायला रस्ते उकरून लाकडी नळ फोडले. वरच्या गल्लीत नळ फुटला की खालच्या गल्लीत थेंब येत नाही. पुढे नळाला आधीच भोक पाडून त्यात लाकडी बुच ठोकून ठेवायची पद्धत आली. आग लागली की माती उकरायची आणि बुच काढायचं. आगीच्या वेळचं पाणी घ्यायच्या जागेला इंग्रजीत ‘फायर प्लग’ म्हणतात, तो हाच बुच. चाकं मात्र मॉरिसच्या घरच्यांनी पुन्हा उभारली आणि जुना पूल पाडायचं ठरल्यावर, १८२२ मध्येच ती हलली.

उंचावरच्या वस्तीला पाणी कसं दिलं?

शहर इस्लिंग्टनच्या चढाकडे आणि पश्चिमेला पसरलं तसा गोल तलाव खाली पडू लागला. कंपनीने नामवंत वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांच्यासारख्यांचा सल्ला घेतला. १७०८ च्या सुमारास सोरोकोल्डने वरच्या टेकाडावर दुसरा तलाव केला आणि तिथवर पाणी चढवायला पवनचक्की बांधली. वारा लहरी, मग घोडे जुंपले. १७६० च्या दशकाच्या अखेरीस जॉन स्मीटन या अभियंत्याने वाफेचं इंजिन बसवलं. शंभर-दीडशे वर्षं निव्वळ उतारावर चाललेल्या योजनेला अखेर कोळसा लागला.

आज काय बघायला मिळतं?

बरंच. न्यू रिव्हर अजून लंडनला पाणी देतो. तो आता स्टोक न्यूइंग्टनला संपतो. काठाने चालायची वाट आहे आणि सवड असेल तर वेअरच्या बाजूने सुरुवात करावी. पवनचक्कीचा गोल बुंधा क्लार्कनवेलमध्ये उभा आहे. ॲमवेल गावात पाटाच्या मधोमध एका लहानशा बेटावर मिडल्टन यांचं स्मारक आहे. ते कंपनीचे अभियंते रॉबर्ट मिल्न यांनी १८०० मध्ये उभारलं. चाळीसेक वर्षं ते या पाटाची देखभाल करत होते. आपल्या मुलाचं नाव त्यांनी विल्यम चॅडवेल मिल्न ठेवलं, झऱ्याच्या नावावरून. बापानंतर तोच कंपनीचा अभियंता झाला आणि लाकडी नळ उकरून काढून लोखंडी नळ घालायचं काम त्याच्या हातून पुरं झालं.